भाता

सेहेचाळीस वर्षांची, सिगारेट न ओढणारी बाई
सरासरी आणखी अडतीस वर्षं जगते,
हे मी हार्टफर्डमध्ये, चौदाव्या मजल्यावरून,
एकोणीस वर्षं सांगत आले.
कोण मरेल हे माझं काम नव्हतं.
किती, एवढंच.

त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं.
मार्चमधल्या एका मंगळवारी रकाना तपासताना
ती माझ्याच खुर्चीत बसलेली निघाली.

तसं घडलं काहीच नव्हतं.
आदल्या रविवारी फक्त वर व्हरमाँटला गेलो होतो,
मेपलचा पाक आणायला.
ब्रॅटलबरोच्या पुढे गाडी चिखलात रुतली
आणि ट्रॅक्टर घेऊन मिसेस व्हिटकम आल्या,
ऐंशीच्या पुढच्या, पायात नवऱ्याचे बूट.
पाय वाळेस्तोवर बसा म्हणाल्या, कोठारात.
तिथे खुराड्याला टेकून उभी होती
पायपेटी.
पूर्वी याच गावात बनायच्या, म्हणाल्या,
आता आमच्या कोंबड्या बसतात.

(सांगलीच्या गायनशाळेत अशीच एक होती.
पाय पोचायचे नाहीत म्हणून
पटवर्धन सरांनी पायट्यांवर लाकडी ठोकळे बांधून दिलेले.
दहावीला गणितात दीडशेपैकी दीडशे पडले
आणि ठोकळे सोडले.)

झाकण उघडलं. पट्ट्यांवर पिसं.
खालचे सूर उंदरांनी खाल्लेत,
वरचे अजून बोलतात, त्या म्हणाल्या.
पाय मारला.
आधी धूळ आली.
मग नुसती हवा.
तिसऱ्या दमाला मध्यमासारखं काहीतरी,
घसा बसलेल्या माणसानं हाक मारावी तसं.
कोंबड्या गप्प झाल्या.
शिरीष म्हणाला, चल, अंधार पडेल.

किंमत चाळीस डॉलर,
आणि कोंबड्यांना दुसरं फळकूट.

राजीनामा दिला तेव्हा
रोझॅननं दार लावून विचारलं, कुठली कंपनी?
मी म्हटलं, दुरुस्तीचं काम आहे.
आई फोनवर म्हणाली, पगारी रजा का?
शिरीष दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी त्यानं त्याची गाडी गॅरेजबाहेर काढली,
उशिराच्या बर्फात उभी केली.
त्यालाच मी होकार समजले.
चूकही असेल.

विम्याच्या गावात विम्याशिवाय राहते आता.
दाढ दुखली तर लवंग.
भत्ता गेला, भाता आला, असं मीच म्हणते,
लोकांनी म्हणायच्या आत.
भात्याचं कातडं मी स्वतः चिकटवलं,
तीनदा फाटलं.
पितळी पट्ट्या एकेक काढून
जुन्या टूथब्रशनं घासल्या, कानाशी धरल्या,
ईराच्या नखं कापायच्या कानशीनं
टोकाशी घासून चढवल्या, बुडाशी घासून उतरवल्या.
दोन मोडल्या. एका पट्टीला चार दिवस रडले,
इतकं तर नोकरी सोडताना नव्हते.

पहिली कमाई एकशेवीस डॉलर.
ग्लास्टनबरीत कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस.
केक कापताना म्हणाले, जरा थांबता का,
आणि पुन्हा सुरू करा म्हणायचं विसरून गेले.
मी बसून राहिले, हात पट्ट्यांवर,
पाय मात्र चालूच. का, माहीत नाही.
एक लहान मुलगा खाली वाकून बराच वेळ
माझे पाय बघत होता.

एक दोष अजून निघालेला नाही.
काळी चार दाबली नाही तरी वाजते.
झडप नीट बसत नाही, किंवा लाकूड फुगलंय,
किंवा आत अजून एखादं पीस असेल.
उघडून बघायला हवं, रोज म्हणते.
पण रात्री गॅरेजचं दार ओढून बसलं
की पाय सुरू होतात, आणि त्यांच्याबरोबर ती,
न विचारता.
मग तिलाच षड्ज धरते
आणि बाकीचे सगळे तिच्याभोवती लावून घेते.

वरून शिरीष विचारतो,
हे असंच असतं का?

असतं, म्हणते.