पंच क्रमांक दोन

आम्ही खाली सह्या करणारे पंच
समक्ष हजर राहून लिहून देतो की —
हे आधीच लिहिलेलं होतं.
मी फक्त चष्मा लावला.

रात्रीचे पावणेतीन. खारघर, सेक्टर पस्तीस.
जागेची चतुःसीमा:
पूर्वेस जिना, पश्चिमेस मीटरपेटी,
दक्षिणेस सोसायटीची नोटीस,
परदेशी भाडेकरू ठेवू नयेत,
उत्तरेस मी, गाऊनवर ओढणी,
हाताला कणकेचा वास.

पंच क्रमांक एक, वॉचमन रामसजीवन.
त्यानं अंगठा पुढे केला.
साहेब म्हणाले, सही येते ना? मग सही कर.
त्यानं केली. मग मी:
सौ. मालिनी बाळाराम पाष्टे, धंदा पोळी-भाजी केंद्र.
सौ. लिहायला नको होतं,
बाळारामांना जाऊन सहा वर्षं झाली.
त्या कागदात तेवढी एक चूक माझी.
बाकी मजकूर त्यांचा.

"सदर निग्रो इसम पळून जात असता
तोल जाऊन जिन्यावरून पडला."
पडताना मी पाहिला नाही.
मी पाहिली ती एक चप्पल,
तिसऱ्या पायरीवर, सुलटी,
देवळाबाहेर काढून ठेवावी तशी.
पळणाऱ्याची चप्पल अशी राहत नाही.
हे मला तेव्हाच कळलं.
सही त्यानंतर केली.

उझोमा.
तीनदा विचारून पाठ केलं होतं मी हे नाव.
दहा पोळ्या, सुकी भाजी, ठेचा जास्त.
पहिल्यांदा ठेचा खाल्ला तेव्हा
मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी,
आणि हा मलाच विचारतो,
काकी, यात मिरची कधी घालणार?
तळोज्याला केस कापायचं दुकान होतं त्याचं.
लिफ्टमध्ये तो आला की बायका
नाकाला रुमाल लावायच्या.
मी नाही लावला कधी.
मी दुसऱ्या मजल्यावर उतरायचे
आणि पाचव्यापर्यंत जिना चढायचे,
दुखऱ्या गुडघ्यांनी.
हेही घ्या लिहून.

अकराव्या दिवशी ते ठाण्यासमोर जमले.
मोर्चा कसला, एकोणीस माणसं.
मोजली मी. पोळ्या मोजायची सवय.
पोलीस चाळीसच्या वर, एक जाळीची गाडी,
आणि मोबाइलवर प्रत्येकाचं तोंड टिपणारा फौजदार.
घोषणा नव्हत्या.
एक बाई तोंड मिटून नुसती गुणगुणत होती
आणि बाकीचे तिच्या बाजूनं
जरा जरा सरकत होते.
रसवंतीच्या बाकड्यावर कुणीतरी म्हणालं,
आधी यांचे व्हिसा बघा म्हणावं.
मी हसले. सवयीनं. हातात उसाचा ग्लास.

पुठ्ठे होते त्यांच्या हातात. एकावर मराठीत,
झेरॉक्सवाल्याकडून लिहून घेतलेलं:
उजमाला न्याय द्या.

उजमा!
बाईचं नाव वाटतं की हो हे.

रस्ता का ओलांडला ते सांगता येणार नाही.
पुठ्ठेवाल्या पोराला म्हटलं, खाली घे.
त्याला मराठी नाही, मला इंग्रजी नाही.
शेवटी मीच ओढला त्याच्या हातातून,
पेन मागितलं खुणेनं
आणि फुटपाथवर मांडी घालून बसले.
ज चा झ करायला जागाच नव्हती.
काट मारली. वर पुन्हा लिहायला घेतलं,
उ, मग झ,

तेवढ्यात मोबाइल माझ्यावर आला.
"काकू, तुम्ही? अहो, तुम्ही तर आमच्या पंच!"

हो, म्हटलं.
झ ला काना द्यायचा होता, मात्रा द्यायची होती,
ती दिली. मा राहिला होता, तो लिहिला.
पोरानं पुठ्ठा घेतला,
वाचता येत नसून बराच वेळ वाचला.

समन्स येईल आता.
वाचून पाहिले, बरोबर आहे,
खाली ही सही तुमचीच का, विचारतील.
सही माझीच.

चप्पल डाव्या पायाची होती.