मुळाचा वळसा

वॉर्डातून क्वी आला,
बादली, दोरी, नियम घेऊन:
रेघेच्या आत दुकान, बाहेर चालणारे.
हनोईतल्या आमच्या गल्लीत असं पहिल्यांदाच.

थोआबाईंनी किटली उचलली,
सहा बुटकी स्टुलं भिंतीशी सरकवली.
बोलल्या काही नाहीत.

दोरी ताणत तो झाडापाशी आला.
मुळानं तिथली फरशी केव्हाच उचकटलेली,
परवाना न काढता.
क्वीनं डोकं खाजवलं, दोरी सोडली,
रेघ हातानंच मुळाच्या बाहेरून वळवून नेली.

रंग दमट हवेत वाळेना. राखण करायची.
"बस," बाई म्हणाल्या.
बसला. चहा प्याला. पैसे दिले, मोजून.

आता त्या वळशात
सातवं स्टूल बरोबर मावतं.
बसणाऱ्याचे पाय तेवढे बाहेर येतात.
पायांबद्दल
नियमात काही नाही.