पाठ

सीपीआरच्या सहा नंबर वॉर्डात
खिडकीकडच्या कॉटवर मी उताणा.
एकोणसत्तर वर्षांत पहिल्यांदाच.
झोपेतसुद्धा कुशीवरच असायचो मी.
बायको म्हणायची, अहो, इथं कोण पंच बसलाय?

केरबा वस्तादांनी मला शाब्बास कधी म्हटलं नाही.
खासबागेत सांगलीच्या जोडीला
साडेतीन मिनिटांत आस्मान दाखवलं,
डोक्याला फेटा, पुढं हलगी कडाडतेय,
वस्ताद हलगीच्या पलीकडं उभे.
म्हणाले, डावा पाय उशिरा आला.
त्या डाव्या पायासाठी
मी वर्षभर पहाटे तीनला उठलो.

वस्ताद गेले,
तेव्हा त्यांच्या जागी मी देवाला उभा केला.
त्याच मिशा. तेच आवळलेले ओठ.
मग दर शनिवारी रुईची माळ,
अंगात ताप असला तरी दीड हजार बैठका,
जोतिबाचा डोंगर अनवाणी,
आणि महापुरात चिखलीची माणसं
खांद्यावरून बाहेर काढली, त्रेचाळीस.
मोजली होती.
आता सांगताना लाज वाटते, पण मोजली होती.
एक म्हातारी तर खांद्यावर रडत होती
आणि मी मनात म्हणत होतो, एकोणतीस.

रात्री गच्चीवर उभा राहून विचारायचो, आता?
वरून काही यायचं नाही.
मलाच ऐकू यायचं:
डावा पाय.

परवा तोच गेला.
मोरीत, दात घासता घासता.
समोर जोड नाही, शड्डू नाही, माणूस नाही,
आणि मी चीत.
पायामागून हात गेला, अर्धं तोंड गेलं.

इथं शांतवन म्हणून एक मामा आहे.
दिवसातनं चारदा मला कुशीला वळवतो,
घाण काढतो, पाठ पुसतो, पावडर लावतो,
आणि पुसताना कसलंतरी गाणं नाकातल्या नाकात म्हणतो.
मी कोण, त्याला ठाऊक नाही.
काल उरलेल्या अर्ध्या तोंडानं सांगायला गेलो,
हिंदुराव... खासबाग... चांदीची गदा...
तो म्हणाला, बरं बरं.
जरा अंग सैल सोडा बघू.
तुम्ही स्वतःला धरून ठेवताय
म्हणून मला जड जाताय.

अंग सैल सोडायचं.
हा डाव मला कुणी शिकवला नव्हता.

रात्री झोप येईना. हौद आठवत राहिला.
पहाटे मीच खोऱ्यानं ती लाल माती उकरायचो,
मीच ताक ओतायचो, हळद, लिंबू, तेल, कापूर,
ढेकूळ राहिलं तर वस्ताद कान पिळायचे.
हातानं चाळ, म्हणायचे, लोण्यागत झाली पाहिजे.
मला वाटायचं, हे सगळं जिंकणाऱ्यासाठी.
अरे खुळ्या,
जिंकणारा तर उभा असतो.
त्याला काय, फरशी पण चालली असती.
पडणाऱ्यासाठी मऊ केलेली असते ती माती.
जो अजून पडलेला नाही
त्याच्यासाठी, रोज पहाटे, आधीच.

तीस वर्षं मी तिच्यावर तळपाय रोवून उभा.
पाठीला तिची ओळखच नाही.

आज पहाटे शांतवन आला.
मी काही धरलं नाही.
मान सोडली, खांदे सोडले,
त्रेचाळीस माणसं सोडली, ती कधीची घरी गेली होती.
त्यानं मला वळवलं, पुसलं, परत टेकवलं.
हलकं झालं की हो, म्हणाला.
नाकातलं गाणं पुढं चालू.

माझी पाठ टेकली होती, पूर्ण,
दोन्ही खांदे,
कुठलाही पंच मान्य करील अशी.
आणि पाठीखाली होतं काहीतरी.
गादी होती म्हणा. सरकारी, मधे खड्डा पडलेली.
पण गादीच्याही खाली
ते होतं.

खिडकीबाहेर पंचगंगेकडनं उजाडत होतं.
इतक्या जणांना आस्मान दाखवलं मी.
स्वतः कधी बघितलं नव्हतं.
कावळे चालले होते. मोजले नाहीत.