पंधरा तारीख

पोस्टमन चार मजले चढून येतो,
दर मजल्यावर थांबून मुद्दाम खोकतो,
मला दारापर्यंत पोचायला वेळ मिळावा म्हणून.
खोकला मला ऐकू येत नाही.
कठड्यावर तळहात ठेवला
की त्याची पावलं कळतात.

एकतीस वर्षं मागांच्या दालनात काढली,
अख्खं वूच शहर सुतावर जगायचं तेव्हा.
धोटे असे आपटायचे
की आम्ही बायका एकमेकींचे ओठ वाचायला शिकलो,
आणि कान तिथेच ठेवून घरी आलो.
त्या दालनात आता म्हणे अत्तरं विकतात.

"गेनोवेफाबाई, मोजून घ्या."
तो दोनदा मोजतो, मी तिसऱ्यांदा.
भाडं. गॅस. रक्तदाबाच्या गोळ्या.
दफनभूमीतल्या जागेचा हप्ता, झेनॉनच्या शेजारची.
तो आधीच तिथे ऐसपैस पसरलाय,
पलंगावर पसरायचा तसाच.
उरतं ते बशीखाली सरकवते.
ते उडवायचे पैसे.

आधी लोणी.
खरं, गाईचं, निळ्या कागदातलं;
पावावर इतकं जाड
की चावल्यावर दातांचे ठसे उमटले पाहिजेत.
मुलगी जर्मनीहून फोनच्या पडद्यावर येते,
तिचे ओठ म्हणतात, आई, कोलेस्टेरॉल.
मी म्हणते, तुझा आवाज येत नाही गं.
आणि ते काही खोटं नाही.

मग टॅक्सी.
झेनॉनला शेवंती ठेवली, मेणबत्ती लावली,
की दफनभूमीपासून घरापर्यंत, चार स्टॉप.
सत्तरी ओलांडलेल्यांना ट्राम फुकट आहे.
फुकटचं सोडून पैसे मोजते म्हटल्यावर
तो थडग्यातून उठून बसायचा,
म्हणून त्याच्यासमोर काही बोलत नाही,
फाटकाबाहेर फुलवालीच्या आडोशाला जाते, मग हात करते.
मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसते
आणि ड्रायव्हरला सांगते,
मला काही घाई नाही हं.

आणि बॅटरी, कानातल्या यंत्राची.
वाटाण्यापेक्षा लहान,
सहाच्या पाकिटाला दोन दिवसांचं जेवण.
एरवी यंत्र बंदच असतं.
डॉक्टरसाठी चालू करते, पाद्रीबाबांसाठी अधूनमधून.
डॉक्टर म्हणतो, बंद ठेवून काय उपयोग,
स्टिकर सोललं की ती हवेनेच संपत जाते.
म्हणजे हवा खायला बाहेर पडते आणि संपते.
बरं आहे की.

पंधराच्या संध्याकाळी मी नवं स्टिकर सोलते,
खिडकी उघडते,
कशासाठीही नाही.
किटली. कबुतराचे पंजे पत्र्यावर.
माझाच श्वास, थोडा करवतीसारखा.
आणि सहा वाजता खालचा ओस्ताप,
युक्रेनहून आईबरोबर आलेला, दहा वर्षांचा,
अंगापेक्षा अकॉर्डियन मोठं.
वर्षभर एकच वॉल्ट्झ,
वर्षभर एकाच जागी अडखळणं.
तिथे त्याचं सूत तुटायचं
आणि माझी बोटं आपोआप मांडीवर
गाठ मारायची,
मागावर मारायची तशी, अंगठा, तर्जनी, ओढ.

या महिन्यात ती जागा आली
आणि तो सरळ पुढे गेला.
माझी गाठ हवेतच राहिली.
वॉल्ट्झ संपला, एका माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या,
त्याच्या आईच्या असणार.
मला आनंदच व्हायला हवा होता. झालाही.
पण लोणी-पाव तसाच हातात,
आणि खिडकी बंद करावी का, असंही वाटून गेलं.

तेवढ्यात भात्यात पुन्हा हवा भरली.
वेगळंच काहीतरी, जलद.
तिसऱ्या ओळीत पोरगं सपशेल आपटलं.
पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा आपटलं.

मी खुर्ची खिडकीजवळ ओढली.
पाकिटात अजून पाच आहेत.