लाइन : नाम, मोजता येणारं

गोळीबार चौकात झेरॉक्सच्या दुकानावर
लोखंडी जिना चढून गेलं की बारसागडे सरांचा क्लास.
बाक दहावीच्या पोरांच्या मापाचे,
माझे गुडघे बाहेर राहतात.

सरांनी फळ्यावर लिहिलं : लाइन.
नाम. मोजता येतं.
एकाहून जास्त असल्या तर शेवटी स लावा.
मोजल्यात सर, मी मनात म्हटलं,
एकतीस वर्षं तेच केलं,
एका खांबावर चार, कधी पाच,
स कुठी लावायचा ते कोणी सांगितलं नाही.

अर्थ पहिला, रेषा. खडू करकरला.
अर्थ दुसरा, रांग.
'रेशनची, सर,' रुखसार म्हणाली, 'अन् आधारची.'
तिसरा, कवितेतली ओळ.
ती कोणालाच नको होती, सर पुढे गेले.
मुलगा कोणत्या लाइनीत आहे, असं विचारतो ना आपण,
तसं साहेबाच्या भाषेतही चालतं म्हणे.

प्रज्वल हेडाऊ उभा राहिला,
'मारतात ती, सर?'
पोरी वहीत तोंड घालून हसल्या.
'ती फक्त आपल्याकडे मारतात. बस खाली.'
'मग सिव्हिल लाइन्स? तिथं तर नुसते बंगले.'
'तिथली लाइन कधी जात नाही,' मी मागून बोललो,
तर सरच हसायला लागले.

काहून शिकतो या वयात, घरी विचारतात.
कंपनीनं टॅबलेट दिला हातात.
बिघाड इंग्रजीत भरायचा.
खांबावर चढून, जोडून, उतरून आलो
तरी त्याच्यात लिहिलं नाही
तर चढलोच नव्हतो.

मग सरांनी शब्दाला शब्द जोडला : डेडलाइन.
'निखारेकाका, तुम्ही सांगा.'
हे मला येत होतं.
मेलेली लाइन, सर.
सबस्टेशनातून बंद केलेली,
परमिट घेतलेली, अर्थ केलेली.
आमच्यात अर्थ म्हणजे जमिनीत सोडलेली तार, सर,
तो असल्याशिवाय कशाला हात लावायचा नसतो.
मेलेली चांगली. जिवंत वाईट.

सरांनी थोडा वेळ खडू बोटांत फिरवला.
मग म्हणाले, तसं नाही काका,
काम जिच्या आत संपवायचं ती तारीख, ती वेळ.

वेळ तर आमच्याही परमिटवर असते.
कामठी रोडची अकरा के.व्ही.
चार दहापर्यंत मेलेली होती.
चार बाराला फत्तू उइके वरच होता.
कोणाचं घड्याळ पुढे होतं
ते चौकशीत निघालं नाही.

हे मी बोललो नाही.
सरांनी एकच वाक्य मागितलं होतं, तेही सोपं.
वहीत दोन्ही अर्थ लिहून घेतले,
एकाखाली एक.

आठला पंखा मंदावला, कूलरचं पाणी थांबलं
अन् सारा वर्ग एका तोंडानं बोलला :
लाइन गेली!

अंधारातून सर म्हणाले, 'छान. आता हेच इंग्रजीत करा.'
कोणाला जमेना.
गेली म्हणजे नेमकी कुठे गेली, सर?
चालत गेली की वारली?
मोबाइलचे दिवे लागले, सगळे माझ्या तोंडावर.
माझी ड्युटी नाही बापा आज, मी म्हटलं,
अन् उठून खिडकीशी गेलो.

चौक उजेडात, पाचपावलीकडची बाजू काळी.
एक फेज गेला असेल.
आता तो नवा पोरगा चढेल,
पट्टा नीट लावत नाही,
घाई फार.
फोन लावला त्याला.

एक बाई आली फोनवर,
सावकाश, स्वच्छ इंग्रजीत बोलली.
लाइन व्यस्त आहे.
जन्मात पहिल्यांदा
तिचं अख्खं वाक्य मला समजलं.

परत लावला.