दरजा

त्या जूनमध्ये पहिल्यांदाच आईकडे लिंपायला भिंत नव्हती.
गावच्या चर्चला सिमेंट लावायचं ठरलं होतं,
एकदाच लावा, मग वीस वर्षं बघायला नको.
आईने थापी धुतली, गोणपाटात गुंडाळली, फळीवर ठेवली.
वडील शाळेची बस चालवायचे, त्यांना सुट्टी होती.
म्हणाले, चला, आपलं न्यू मेक्सिको आपणच कुठे पाहिलंय.

व्हॅनचं मागचं दार दोरीनं बांधलेलं,
बर्फाच्या पेटीत तमाले,
पुढे वडील, रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत.
आई खिडकीकडे तोंड करून. कारिसोसोपर्यंत एक शब्द नाही.

पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांत
भर दुपारी अनवाणी चाललो, पाय भाजले नाहीत.
जिप्सम आहे, वडील म्हणाले.
डेल्फिनो म्हणाला, नाही, झोपलीये ती.
सात वर्षांचा होता. निघताना मोजा भरून घेतला त्यानं,
नेऊ नये अशी पाटी वडिलांनी दोनदा वाचली होती तरी.
पुढे चार दिवस आमच्या तमाल्यांत कचकच.

मग चाको. शेवटचे तेरा मैल
पन्हाळी पत्र्यावरून गाडी नेल्यासारखे,
वाक्यं तुकड्या-तुकड्यांनी तोंडातून पडत होती,
चाकाची एक झाकणी निसटली, घरंगळत
झुडपांत गेली, वडिलांनी ती जाऊ दिली.

हजार वर्षांच्या भिंती. वडील आकडे वाचत राहिले,
इतक्या खोल्या, इतके मजले, तुळया इतक्या लांबून आणलेल्या.
आई भिंतीपाशी उभी राहिली, हात वीतभर दूर धरून,
तापलेल्या तव्याची धग बघावी तसा.
आणि बोलली. कारिसोसोनंतर पहिल्यांदा.
हे बघ, मला म्हणाली, इथं दरजांत चिपा
किती बारीक बसवल्यात. ही सावकाश काम करणारी.
ही पलीकडची डावखुरी.
आणि इथं, या कोपऱ्यात, घाई झालीये,
पोर रडत असेल, नाहीतर दिवस मावळला.

पलीकडे एक म्हातारा गवंडी गुडघ्यावर बसून
ढासळलेला कोपरा सावरत होता.
छातीवरच्या बिल्ल्यावर आडनाव, त्सोसी.
आई त्याच्या घमेल्याकडे बघत राहिली,
लग्नघरात दुसरीच्या पोळ्यांकडे बघतात तशी.
त्यानं मान वर केली.
भिंतीला हात लावता येत नाही, बाई, तो म्हणाला,
पण चिखलाला कुठे काय म्हटलंय.

आईनं कोपरापर्यंत हात घातला.
चिमूट घेतली, बोटांत चोळली, जिभेवर ठेवली.
वाळू कमी पडलीये, म्हणाली.
तो हसला. माझी बायकोही हेच म्हणायची.
डेल्फिनोनं तेवढ्यात मोजा काढून पुढे केला.
नाही बाळा, आई म्हणाली, ही पाण्यात विरघळते.
पहिल्या पावसात भिंत रडायला लागेल.

मग ते दोघं तासभर बोलले,
गवत कापून घालावं की चुरून, हिवाळा,
मनगटं, सिमेंट.
सिमेंटचं नाव निघालं तेव्हा त्सोसी फक्त थुंकला, बाजूला,
भिंतीपासून लांब.
वडील सावलीत उभे होते, पाट्या संपल्या होत्या.

परतताना क्यूबा नावाच्या गावी पेट्रोल भरलं.
आईनं नळावर डावा हात धुतला.
उजव्यावर चिखल वाळून भेगाळला होता, तो तसाच
मांडीवर, तळवा वर करून.
वडिलांनी एकदा तिकडे पाहिलं.
रात्र पडली, दिवे लावले, आणि मैलभर गेल्यावर
म्हणाले, आपल्या मागच्या खोलीची उत्तरेकडची भिंत,
मला वाटतं, फुगलीये.

नव्हती फुगली. मला माहीत होतं.
आईलाही.
बघू, ती म्हणाली.