पाचवा बोया

ऑर्डर आली तेव्हा वाटलं, कोंबड्यांची असेल.
शिरोडकर शेठनी ड्रॉइंग पसरलं पत्र्यावर,
चार कोपऱ्यांवर चार नट ठेवले
आणि म्हणाले, "दक्षिण आफ्रिकेला जायचाय.
माणसं आत. शार्क बाहेर."

रबाळ्याच्या या शेडमध्ये काय नाही जोडलं आम्ही:
सोसायट्यांचे जिने, शाळेची फाटकं,
तळोज्याच्या टाक्या,
एका बंगल्यातल्या कुत्र्याचं घर, एसीचं भोक ठेवून.
पण असं काही नव्हतं जोडलं.
पाइपाला पाइप चिकटून, आणि छातीच्या उंचीवर
तीस सेंटिमीटरची आडवी फट,
मुद्दाम सोडलेली.
बघण्यासाठी, म्हणे.

रात्री दिवाळ्याला, घरी, बाबांना सांगितलं.
ते गुडघ्याला पट्टा बांधत होते.
"मानूस आत? नि मुशी भायेर?"
पट्टा ओढून घट्ट केला.
"मंग पैसं कोन देतं? मुशी?"

आमच्या घरी मुशी म्हणजे कालवण.
आई गरम पाण्यात बुडवून तिची कातडी खरवडायची.
शेपटीकडे हात गेला तर मऊ,
उलटा फिरला की अंगठा सोलायचा.
आयटीआयला पहिल्यांदा पॉलिशपेपर हातात दिला
तेव्हा सगळी पोरं तो बघत होती,
मी वास घेतला.

शेवटचे जोड आतूनच करावे लागतात.
मी आत गुडघ्यांवर. बाहेर रिंकू केबल धरून.
बाहेरच्या जोडांचे फोटो जातात पार्टीला.
आतले मी दोनदा घासले,
कुणाचा तरी घाबरलेला हात
तिथेच गच्च बसणार होता.

शनिवारी भरतीला जेट्टीवर हायड्रा आणली.
चार कोपऱ्यांना चार पिवळे बोये.
शेठ म्हणाले, "कुणीतरी आत बसा, तोल कळू दे."
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
कोळ्याचं पोर, दुसरं कोण?

खाडीचं पाणी आधी मांडीला लागलं,
मग गळ्याला,
मग झाकण बंद.

डोळे उघडले. बिस्किट विरघळलेला चहा.
स्वतःचा हात दिसेना.
तरी फटीला तोंड लावून बसलो,
ज्यासाठी ती सोडली होती ते करत.
काहीच दिसत नव्हतं, आणि मी बघत होतो.
बोटांना मात्र एकेक जोड सापडत होता:
हा माझा, हा माझा, हा घाईतला.

एक्केचाळीसपर्यंत मोजलं होतं.
तेव्हा उजव्या बाजूनं
काहीतरी लागलं.
आपटलं नाही. घासलं.
मागून पुढे, सावकाश, पिंजऱ्याच्या लांबीइतकं,
आणि त्याचा आवाज मला पाइपातून
दातांपर्यंत ऐकू आला.
खरखर.
पॉलिशपेपरची, उलट्या बाजूची.

गोणपाट असेल. ताडपत्री असेल.
या खाडीत काय नाही?
बाबा म्हणतात, आत मुशी येत नाही,
आली तरी वितीएवढी.

वर काढलं. शेठ वाकून विचारत होते,
"तोल?"
तोंडातलं खारं पाणी थुंकलो.
म्हणालो, "उजवीकडे झुकतोय थोडा."

झुकत नव्हता.
पण त्यांनी लेव्हल न लावताच
उजव्या अंगाला एक जादा बोया बसवला,
तोही पिवळाच.

रात्री बाबांनी विचारलं, "दिसलं काय?"
"नाय."
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग माझा हात ओढून घेतला,
पालथा केला,
जणू किलोचा भाव ठरवायचाय,
आणि सोडून दिला.

न्हावाशेव्याहून कंटेनर गेला त्याला आता वर्ष झालं.
तिथलं पाणी निळं आहे म्हणतात,
आरपार दिसतं.
कुणीतरी फटीशी उभा असेल, कॅमेरा घेऊन, समोर बघत.
ड्रॉइंगमध्ये बोये चारच आहेत.
पाचवा कशाला, हे तिथे कुणी विचारलं तर
सांगायला कुणी नाही.
आणि त्याला उजवीकडे बघायचं
सुचणार नाही.